‘खांद्यामागे मारा’ एवढ्या भांडवलावर विस्कॉन्सिनला जाऊ नका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्येला, ड्रिफ्टलेस नावाच्या भागात, धनुष्यबाणाने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरीण) मारायला जाणार असाल तर आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणारा, पहिल्या संध्याकाळी काय करतो ते मी आधीच सांगून ठेवतो. तो तुम्हाला फोमच्या हरणासमोर सपाट गवतावर उभं करतो, छापलेल्या गोलात दोन-तीन बाण मारायला लावतो आणि म्हणतो, "खांद्यामागे मारायचं, बाकी काही नाही." बाकी पुष्कळ असतं. त्या वाक्यापायी आम्ही अख्खी रात्र काट्यांत काढली, एका हरणाचे हाल झाले, आणि वर बिलही आलं.

(भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशी शिकार हा गुन्हा आहे. पुढचं सगळं तिथल्या परवान्याच्या शिकारीबद्दल आहे.)

धनुष्य कसं ओढायचं, मचाणावर सुरक्षा पट्टा कसा बांधायचा हे इथे लिहिणार नाही. ते येत नसेल तर जाऊच नका. तिथल्या कायद्याने हरणासाठी किमान ३० पौंड ओढीचं धनुष्य आणि ७/८ इंच रुंदीचं ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पातं) लागतं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, दुसऱ्या राज्यातलं चालतं. वाटाड्या बरोबर आहे म्हणून यातलं काही माफ होत नाही.

आता मुद्द्याचं. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून दोन्ही फुप्फुसं फुटायला हवीत, किंवा हृदय. एका फुप्फुसावर व्हाइटटेल किती लांब जातं ते आम्ही पाहिलं. हृदय लोकांना वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायाच्या कोपराच्या जरा वर. फुप्फुसं त्याच्या वर आणि मागे. फुप्फुसांना लागून मागे यकृत आणि मग कोथळा. आमच्या फोमच्या हरणावरचा गोल इतका मागे छापलेला होता की त्याच्या मागच्या कडेला लागलेला बाण खऱ्या जनावरात यकृतात गेला असता. त्यावर सराव करून हात बसवला तर चुकीचा बसतो. गोलाकडे बघूच नका, पायाकडे बघा.

फऱ्याचं हाड पाठीकडून खाली पुढे येतं आणि तिथून दंडाचं हाड मागे कोपराकडे वळतं. म्हणजे आडवा ‘व्ही’ होतो, टोक छातीकडे. त्या व्हीच्या आत फक्त मांस आणि बरगड्या असतात, आणि त्यामागे नेमकी हवी ती जागा. हरणाने जवळचा पाय पुढे टाकला की ही खिडकी आणखी उघडते. हरीण पूर्ण आडवं असेल, तुम्ही त्याच्याच पातळीवर असाल, तर पायाच्या मागच्या कडेची उभी रेघ धरा आणि पोटापासून वर एक तृतीयांश उंचीवर नेम घ्या. तेवढ्यापुरतं "खांद्यामागे" बरोबर आहे.

पण ड्रिफ्टलेसमध्ये तुम्ही हरणाच्या पातळीवर नसताच. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट केला, हा भाग तेवढा सुटला. म्हणून व्हर्नन, क्रॉफर्ड, रिचलंड या काउंट्यांमध्ये उभे उतार आणि अरुंद दऱ्या आहेत. आमचं मचाण कड्याच्या ओठावरच्या ओकला बांधलं होतं आणि वाट त्याच्या खाली होती. झाडावर जेवढे चढाल त्यात उताराची उंची मिळवायची, हे कोणी सांगितलं नाही.

हिशोब साधा आहे. तुम्ही हरणापेक्षा २० फूट उंच आणि ते आडव्या अंतराने १० यार्डांवर, म्हणजे ३० फुटांवर. बाण दर तीन इंचांना दोन इंच खाली उतरतो. छाती १२ इंच रुंद धरली तर आरपार जाईपर्यंत तो ८ इंच खाली येतो. पोटापासून एक तृतीयांशावर मारलेला बाण पलीकडच्या फुप्फुसाला शिवणारही नाही, छातीच्या तळातून बाहेर पडेल. म्हणून अशा उतारावर बाण कुठे शिरतो हे विसरा, कुठून बाहेर पडणार ते आधी ठरवा. पलीकडच्या बाजूला खालच्या तृतीयांशातून, पुढच्या पायाच्या कडेने तो निघाला पाहिजे. तिथून रेघ उलटी आपल्याकडे ओढा. ती अलीकडच्या अंगावर जिथे येते तिथे मारा, मग ती जागा मधोमध असो की मध्याच्या वर. अगदी झाडाखाली आलेल्या हरणावर मारू नका. वरून पाठीचा कणा आणि जेमतेम एक फुप्फुस दिसतं. ते पुढे जाईपर्यंत थांबा.

पाठमोऱ्या तिरप्या हरणालाही हाच नियम. पलीकडचा पुढचा पाय बघा आणि बाण त्याच्याकडे जाईल असा मारा, मग अलीकडे तो बरगड्यांमध्ये बराच मागे शिरला तरी हरकत नाही. फार तिरपं असेल तर सोडा, कारण वाटेत कोथळा येतो. समोरून तिरपं किंवा थेट समोर असेल तर उत्तर एकच: नाही. व्हिडिओत लोक मारतात, मारू देत.

आमचं रामायण इथेच घडलं. माझ्या मित्राला संध्याकाळी मादी दिसली, खाली उतारावर, पाठमोरी तिरपी. त्याने सांगितल्याबरहुकूम अलीकडच्या खांद्यामागे मारलं. बाण जिथे सांगितला तिथे लागला आणि पुढे जाऊन मानेच्या मुळाशी निघाला. एकच फुप्फुस. बाणावर गुलाबी फेसाळ रक्त होतं, ते पाहून वाटाड्या खूश. "फुप्फुस आहे, चला." अर्धा तासही थांबला नाही. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुस हे खरं, पण एक की दोन ते फेस सांगत नाही. ते बाणाची दिशा सांगते, आणि दिशा मित्राला कोणी विचारली नाही, वाटाड्यानेही नाही.

शंभरेक यार्डांनंतर रक्त थेंबांवर आलं. दिव्याच्या उजेडात उतारावर मल्टिफ्लोरा या रानगुलाबाची झुडपं, त्यांचे काटे पँटमधून आत. एका जागी हरीण बसलेलं होतं, गवत दबलेलं, रक्ताचं थारोळं, आणि आमच्या आवाजाने ते उठून गेलेलं. तिथे तरी परत फिरायला हवं होतं. वाटाड्या तसाच पुढे निघाला. पुढे कुंपण, कुंपणापलीकडे दुसऱ्याची जमीन. विस्कॉन्सिनमध्ये जखमी हरणामागेसुद्धा मालकाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि रात्री अकराला दार ठोठावलेल्या माणसाला परवानगी द्यावीशी वाटत नाही. तो म्हणाला, सकाळी या. त्याची चूक नव्हती. सकाळी कुत्र्याने माग काढला आणि हरीण सापडलं ते बरंच दूर ओढ्यात, मागचे पाय कायोटींनी (कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) खाल्लेले.

मग बिल. माग काढण्याचे १५० डॉलर, कुत्र्याचे वेगळे, ओढून आणण्याचे ७५. पॅकेजमध्ये "सर्व समाविष्ट" लिहिलेलं, पण माग म्हणे त्यात येत नाही. घाई करून हरीण उठवलं कोणी, हे विचारल्यावर गप्प. पैसे भरायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या: माग, कुत्रा, ओढणं, सोलणं, कशाचे किती. शेजारच्या जमिनीच्या मालकांचे फोन आउटफिटरकडे आहेत का तेही विचारा. नसतील तर तो तिथे पाहुणाच आहे. कुत्र्यासाठी आउटफिटरवर अवलंबून राहायची गरज नाही. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संघटनेच्या यादीत राज्यवार माग काढणारे मिळतात, अनेक जण पेट्रोल आणि खुशीच्या पैशांवर येतात. नंबर आधी काढून ठेवा, दरीत फोनला रेंज नसते.

थांबण्याचं माझं गणित आता असं आहे. दोन्ही फुप्फुसं नक्की असतील तर अर्धा तास. गडद लाल रक्त म्हणजे यकृत, निदान चार तास. बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी म्हणजे कोथळा, आठ ते बारा तास, मग रात्र जाऊ दे. शंका असेल तर जास्तीचं धरा. पाऊस येतोय म्हणून घाई करायला कोणी सांगेल. मारायच्या आधी आभाळ बघितलं असतं तर ही वेळ आली नसती.

अंतराबद्दल एकच: २० यार्ड. लोक ४० सांगतात. हरीण धनुष्याचा आवाज ऐकून पळण्यासाठी आधी खाली बसतं. सेकंदाला २७० फुटांचा बाण ३० यार्डांना तिसरा हिस्सा सेकंद घेतो, आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो, हरणाला जवळजवळ पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात पाठ खाली जाते आणि बाण वरून किंवा फुप्फुसांच्या माथ्यावरून निघतो. कान टवकारलेल्या हरणावर मारूच नये. उतारावर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) कोनाचा हिशोब करणारा घ्या, आणि नेम धरताना कमरेत वाका, हात खाली नेऊ नका, नाहीतर घरी बसवलेला सगळा नेम बिघडतो.

माझं स्वतःचं हरीण नंतर एका शांत सकाळी १५ यार्डांवर आडवं आलं, साठ पावलांत पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत नोंदणी लागते, फोनवरून होते. सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग या राज्यात २००२ मध्ये सापडला आणि नैऋत्येला तो चांगलाच पसरला आहे, तेव्हा तपासणीला नमुना द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवा. रोग निघाला तर ते खायचं नाही. खाटकाला आधी विचारा की तुमचं हरीण वेगळं कापणार की सगळ्यांचं एकत्र दळणार. आमच्या आउटफिटरचा खाटीक एकत्र दळत होता. मी मांस त्याच्याकडे दिलं नाही, बर्फाच्या पेट्या भरून गाडीत टाकलं, आणि आउटफिटरने त्या पेट्यांचेही पैसे लावले.