दुधाची दाढ किडली: भरायची, काळी करायची की कॅप?

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे" हे पुढच्या दातांना थोडंफार चालतं. ते ६-७ वर्षांना पडायला लागतात. मागची दुधाची दाढ मात्र १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असते. चार वर्षांच्या मुलाची ती किडली, तर तिला अजून निदान सहा वर्षं काढायची आहेत. डॉक्टरांना खर्च विचारण्याआधी हा हिशोब करा.

हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसत असेल आणि खड्डा नसेल, तर ड्रिल नको. डॉक्टरांकडून ५ टक्के फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा लेप) दर ३ ते ६ महिन्यांनी, आणि घरी १००० पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) असलेली पेस्ट: तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ट्यूबच्या पाठीवरचा आकडा वाचा. समोरच्या कार्टूनवर जाऊ नका.

खड्डा आहे, पण पोरगं तोंडच उघडत नाही? मग ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, म्हणजे कीड थांबवणारं चांदीयुक्त औषध. दात कापसाने कोरडा करायचा, हिरडीला व्हॅसलीन, बारीक ब्रशने थेंब लावून मिनिटभर थांबायचं. कीड बहुतेकदा थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. गणपतीतल्या फोटोत तो दिसणार, हे आजीला आधीच सांगून ठेवावं. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

दोन दाढांच्या मधली कीड सगळ्यात फसवी. तिथे सिमेंट भरलं की बरेचदा निघतं, कारण बाजूची भिंतच गेलेली असते आणि लाळेत दात कोरडा राहत नाही. अशा दाढेला आमचा कौल स्टीलच्या कॅपला. हॉल पद्धतीत इंजेक्शन नाही, कोरणं नाही. दोन-तीन दिवस आधी दातांच्या फटीत रबरी रिंगा घालतात, मग कॅपमध्ये ग्लास आयोनोमर सिमेंट भरून ती दाबून बसवतात. आत कोंडलेल्या किडीला खायला मिळत नाही. पहिले काही दिवस कॅप उंच लागते आणि पालक घाबरून फोन करतात. दोन-तीन आठवड्यांत चावा आपोआप बसतो.

मूल रात्री ठणक्याने उठतं किंवा हिरडीवर पुटकुळी आहे, तर नुसती कॅप नको. आधी एक्स-रे. नस वरच पेटली असेल तर पल्पोटॉमी (नसेचा फक्त वरचा भाग काढणं), सूज मुळापर्यंत गेली असेल तर पल्पेक्टॉमी (मुळांतलीही नस काढणं), आणि मूळच झिजलं असेल तर दाढ काढायची. अँटिबायोटिकने सूज उतरते, पण सुजेचं मूळ कारण आतच राहतं. दाढ काढल्यावर जागा धरणारा तारेचा लूप बसवायचा की नाही ते विचारा; नाहीतर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते. लूपचं सिमेंट चिक्कीने सुटतं.