तळातले अकरा

गेला महिनाभर माझं काम एकच, मायक्रोस्कोपला डोळे लावून समुद्राच्या तळाचा गाळ निवडत बसायचं, तांदूळ निवडतात ना अगदी तसं. गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, चौकोन आखलेल्या काळ्या ट्रेवर पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक फोरॅम उचलून स्लाइडवर ठेवायचा. (ब्रश ओला कशाने करते विचारू नका, थुंकीसारखं दुसरं काही नाही.) परवा ट्रेसमोरच शिंकले आणि दोन तासांची मेहनत भुर्रकन उडाली, हसावं की रडावं कळेना.

फोरॅम म्हणजे फोरॅमिनिफेरा, चुन्याचं कवच बांधणारे एका पेशीचे जीव, काही तर हुबेहूब पॉपकॉर्नच्या लाहीसारखे दिसतात. कवच बांधायला लागणारा ऑक्सिजन ते आजूबाजूच्या पाण्यातून घेतात आणि खरी गंमत तिथेच आहे. पाणी जितकं गार तितका कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-18, जास्त. 1955 साली चेझारे एमिलियानी या भूशास्त्रज्ञाने यावरूनच हिमयुगातल्या समुद्राचं तापमान काढलं होतं. पण वाफ होताना हलक्या ऑक्सिजनचं पाणी आधी उडतं, ते बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडलं की मागे उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचा वाटा आपोआप वाढतो, म्हणजे थंडी आणि बर्फ दोघंही कवचातल्या जड ऑक्सिजनचा आकडा एकाच बाजूला ढकलतात, मग त्यात कोणाचा वाटा किती हे कसं ओळखायचं?

निकोलस शॅकल्टन या दुसऱ्या भूशास्त्रज्ञाने 1967 मध्ये लावलेली शक्कल मला भयंकर आवडते. त्याने वरच्या पाण्यात तरंगणारे सोडून तळाशी राहणारे फोरॅम घेतले. खोल तळाचं पाणी आजच गोठायला टेकलेलं, ते अजून गार होऊन होऊन किती होणार? तरी त्यांच्या कवचांतला हिमयुग आणि आज यांमधला फरक जवळपास वरच्यांइतकाच निघाला, म्हणजे बराचसा आकडा तापमानाचा नव्हताच, बर्फाचा होता! साधारण 20 हजार वर्षांपूर्वी याच बर्फापायी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली गेला होता.

एवढे कामाचे, म्हणूनच की काय, हे तळातले मेले सापडतच नाहीत. तरंगणारे ट्रेमध्ये शेकड्यांनी लोळत असतात. आज सकाळपासून तळातले मिळाले अकरा, त्यातला एक फुटका, आणि शिंक आली की मी आता खुर्चीसकट मागे सरकते.