कर्क्युमिन चुंबकाने ओढलं, पण सुटलं का?

हिवाळ्यात बडोद्याच्या खंडेराव मार्केटात ओली हळद आली, की घरोघरी लोणचं घातलं जातं. त्या हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, रक्तात किती उतरतं हे मोजायचं, तर हाती प्लाझ्मा (रक्तपेशी काढलेला रक्ताचा द्रव) जेमतेम 200 मायक्रोलिटर, आणि कर्क्युमिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसलेलं. अशा वेळी चुंबकीय सच्छिद्र पावडर फार कामाची: ती कर्क्युमिन धरते, चुंबकाने बाजूला ओढता येते, आणि मग मिथेनॉलने कर्क्युमिन सोडवून घेता येतं. फक्त तिचं लोह उघडं ठेवू नका. कर्क्युमिनचा डायकीटोन भाग (रेणूतली ऑक्सिजनच्या दोन टोकांची जागा) लोहाला असा घट्ट धरतो, की मग मिथेनॉल कितीही ओता, सुटत नाही.

म्हणून लोहाच्या कणांवर सिलिकाचं आवरण, तेही दोन थरांचं. 300 मिलिग्रॅम मॅग्नेटाइट (चुंबकीय लोह ऑक्साइड) 80 मिली इथेनॉल, 20 मिली पाणी आणि 1.5 मिली तीव्र अमोनियात सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्राने) नीट पसरवा, मग 0.3 मिली टीईओएस, म्हणजे ज्यापासून सिलिका तयार होते ते द्रव, थेंबथेंब सोडा. घाई केली तर कणांवर थर बसण्याऐवजी सिलिकाचे सुटे गोळे होतात, आणि ते चुंबकाकडे येत नाहीत. दुसरा थर सीटीएबी (साबणासारखं एक रसायन) घालून चढवायचा आणि मग सीटीएबी धुऊन काढायचं, की 2-3 नॅनोमीटरची छिद्रं उरतात. कर्क्युमिन आत जातं, अल्ब्युमिन आकारामुळे दारातच अडतं. छिद्रांच्या आत ऑक्टिल साखळ्या (आठ कार्बनच्या, तेलकट स्वभावाच्या) बसवल्या, की पकड चांगली येते. धुतलेलं पाणी हलवल्यावर फेस आला, तर सीटीएबी अजून आत आहे. गरम इथेनॉल आणि अमोनियम नायट्रेटने पुन्हा धुवा.

आता नमुना. प्लाझ्मात 600 मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवा. वरचं 600 मायक्रोलिटर घेऊन पीएच 4.5 च्या अ‍ॅसिटेट बफरने 6 मिलीपर्यंत न्या. हे पातळ करणं टाळू नका. अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त राहिलं तर कर्क्युमिन पावडरीला चिकटतच नाही. पीएच 7 च्या वर गेला, तर ते डोळ्यांदेखत विघटित होतं. 10 मिलिग्रॅम पावडर, 10 मिनिटं हलवणं, मग बाटलीच्या बाजूला निओडिमियम चुंबक. एकदा पाण्याने धुऊन 1% अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिथेनॉलने, 0.5 मिली दोनदा, सोडवून घ्या. बाटल्या काचेच्या आणि तपकिरी हव्यात.

रिकव्हरी, म्हणजे परत मिळालेल्या कर्क्युमिनचं प्रमाण, कमी आली, की लगेच पावडर वाढवू नका. आधी मिलीलिटरला 10 मायक्रोग्रॅमचं पिवळं द्रावण घेऊन पाहा. चुंबक लावल्यावर उरलेलं पाणी पिवळंच असेल, तर पकड कमी. पाणी स्वच्छ, पण मिथेनॉलही फिकट, तर कर्क्युमिन लोहापाशी अडकलंय, म्हणजे आतला थर फाटका आहे.

खऱ्या रक्तात कर्क्युमिन बहुतेक ग्लुकुरोनाइडच्या रूपात, म्हणजे शरीराने साखरेसारखा रेणू जोडलेलं, असतं. एकूण मोजायचं असेल, तर आधी ग्लुकुरोनिडेझची (हा जोड तोडणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया करा, नाहीतर ते धुण्याच्या पाण्यातच निघून जाईल.

आणि मे महिन्यात बडोद्यात 'खोलीचं तापमान' 25 नसतं. नमुने सुकवायचे ते नायट्रोजनखाली, अंधारात. कर्क्युमिनचं स्टॉक द्रावण, म्हणजे साठवणीचं तीव्र द्रावण, उणे 20 अंशांवर.