तुळईचं बाकडं, चौथा आठवडा

नारायण पेठेतला एक वाडा उतरवला, त्याची साडेचार फुटांची तुळई मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मिळाली. वरून काजळीनं काळीकुट्ट. रंध्याचे दोन हात मारले आणि आतून मधाच्या रंगाचं सागवान निघालं, वासासकट! शेजाऱ्यांनाही बोलावून वास दिला.

उभी चिरून दोन फळ्या करायच्या होत्या. गिरणीवाले काका म्हणाले, “एक खिळा राहिला तरी पातं जाईल. आधी साफ करून आणा.” जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला टांगून लाकडावरून फिरवलं. जिथे दोरा तिरका होई तिथे खडूची खूण. तेवीस खिळे निघाले, बरेचसे घडीव, चौकोनी. खिळ्याभोवती लाकूड निळंकाळं पडलंय. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत भेटलं की असा डाग पडतो. तो मी घासत बसलेलो नाही.

खरा प्रश्न खोबणीचा होता. एका फळीत खांबाचं कुसू, म्हणजे टोकाची जीभ, बसायचं ती आरपार खोबण आहे. ठोकळा बसवून बुजवावी असं सगळ्यांचं मत. पण ती कुणीतरी पटाशीनं, हातानं पाडलेली आहे. कडेला पटाशीचे घाव अजून दिसतात. मला ती झाकवेना. आता तिच्यातच बगळा उभा राहणार आहे.

बगळा म्हणजे सायकलच्या सुट्या भागांचा पुतळा. जुन्या बाजारातून रविवारी दोन चेन, फ्रीव्हील आणि स्पोकची जुडी आणली. मान चेनची, कारण हवा तसा बाक देता येतो आणि मग एकेक कडी टाचून तो पक्का करता येतो. पहिल्या दिवशी अडीच एमएमचा वेल्डिंग रॉड ८० अँपिअरवर लावला, कड्यांना भोकं पडली. दोन एमएमचा रॉड, ४५ ते ५० अँपिअर, आणि फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके: हे जमलं. चेन आधी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून कोरडी पुसा, ग्रीस राहिलं तर टाका फसफसतो. स्पोकवरचं जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंग नकोच, त्या धुरानं ताप भरतो.

फळ्यांना जवसाच्या तेलाचा एक हात झालाय. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. मी तारेवर पसरून वाळवतो.

चोच अजून सापडलेली नाही. बुधवारी पुन्हा बाजारात जातोय.