लडाखची भिंत आणि साठवलेलं ऊन

लेहजवळ फे गावाच्या बाहेर सेकमोलचा कॅम्पस आहे, सोनम वांगचुक आणि इतर तरुणांनी १९८८ साली सुरू केलेली संस्था, आणि तिथल्या मातीच्या इमारतींबद्दल मला कधीचं लिहायचं होतं. तीन हजार मीटरहून जास्त उंची, हिवाळ्यात रात्री पारा उणे १५-२० पर्यंत, आणि तरी तिथे मुलं बुखारी (खोली गरम करायची शेगडी) न पेटवता वर्गात बसतात. यात मशीन असं काहीच नाही. इमारतीचं तोंड दक्षिणेला, जाड मातीच्या भिंती, आणि थंडी सुरू झाली की दक्षिणेच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचं ग्रीनहाऊस लावतात, उन्हाळ्यात काढून टाकतात.

लडाखात अजून एक प्रकार दिसतो तो म्हणजे ट्रॉम्ब वॉल. फ्रान्समध्ये ओदेयो गावी फेलिक्स ट्रॉम्ब यांनी १९६७ च्या सुमारास अशा भिंतीचं घर बांधलं म्हणून हे नाव. दक्षिणेची जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि चार बोटं हवा सोडून पुढे काच लावायची, बस. ऊन काचेतून आत येतं, भिंत तापते, पण ती उष्णता मातीतून इतकी सावकाश आत सरकते की दुपारचं ऊन खोलीत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. मी संध्याकाळी अशा भिंतीला आतून हात लावलाय, बाहेर बोटं बधिर होत होती आणि भिंत मस्त कोमट! भिंतीला वर-खाली झरोके असतील तर ते रात्री आठवणीने बंद करावे लागतात, नाहीतर हवा उलटी फिरते आणि खोलीच गार होते.

वितळताना उष्णता पोटात घेणारी रसायनंही आहेत. १९४८ साली अमेरिकेत डोव्हरला मारिया तेलकेस यांनी ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेटचा एक प्रकार) भरून घर गरम ठेवलं होतं, ते ३२ अंशाला वितळतं आणि गोठताना उष्णता परत देतं. काही हिवाळ्यांनी मिठाचे थर वेगळे झाले आणि सिस्टीम बंद पडली. आता यात खूप सुधारणा झालीय, पण माझा कौल अजून मातीलाच, ती खराब झाली तर गावातला गवंडी दुरुस्त करतो.

आपल्याकडे हेच गणित उलटं मांडायला लागतं. भिंत जाडच हवी पण तिच्यावर ऊन पडू द्यायचं नाही आणि रात्री खिडक्या उघडून तिला गार करायचं. उघडा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री आपल्याच डोक्यावर उष्णता ओततो, मग एसी लावा, बिल भरा. पश्चिमेला अख्खी काच लावून घर विकणाऱ्यांचा तर मला खरंच राग येतो.

सोलापूर-मराठवाड्याकडे कोणी अजून माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात राहत असेल तर प्लीज मे महिन्यात दुपारी ३ आणि पहाटे ५ ला आतलं-बाहेरचं तापमान मोजून मला कळवा, स्लॅबच्या घराशेजारी ठेवून बघायचंय.