तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेज सोडून शाळेत का?

कथकमध्ये अलंकार ही वरची परीक्षा केलेली बाई हायस्कूलमध्ये नाच का शिकवते, हे मला पालकसभेत विचारतात, लग्नात पंगतीत विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा आ वासलेला असताना विचारलं. "एवढं शिकलात, मग प्रोग्रॅम का नाही करत?" नेहमी हसून वेळ मारून नेते, आज सांगूनच टाकते.

आधी पैशाचं. कथकचा एकल कार्यक्रम म्हणतात खरं, पण एकटी कुठे असते मी? तबलजी, लहेऱ्याला, म्हणजे तालासोबत फिरत राहणाऱ्या सुरावटीला, हार्मोनियमवाले, गायक, पढंतीला, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणायला, कोणीतरी, आणि या सगळ्यांची बिदागी माझ्या पर्समधून. मला शाल, श्रीफळ आणि "नवोदितांना व्यासपीठ". शाली अजून माळ्यावर आहेत, हव्यात का?

एक संध्याकाळ सांगते. कुठल्याशा संस्थेचा वर्धापनदिन, मला 40 मिनिटं कबूल केलेली. तीनताल बसवलेला, सुरुवातीला संथ थाट नि आमद, मग परण, आणि शेवटी फरमाईशी चक्रदार, म्हणजे तीनदा म्हटली जाणारी रचना, जिच्यात पहिल्या पल्ल्याचा, म्हणजे पहिल्या फेरीचा, पहिला 'धा', दुसऱ्याचा दुसरा आणि तिसऱ्याचा तिसरा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो, महिनोन्‌महिने घासावं लागतं ते. मी घुंगरू बांधून विंगेत उभी आणि भाषणं संपेचनात. घुंगरू बांधले की जरा हललं तरी आवाज स्टेजवर जातो, त्यामुळे खांबासारखी उभी, पोटऱ्या गार पडत चाललेल्या. संयोजक मधेमधे येऊन "पाचच मिनिटं हं ताई" म्हणून जायचे. शेवटी आले ते, "ताई, जेवणं खोळंबलीत, 10 मिनिटांत आटपाल? आणि ते तबल्याचं राहू दे, एखादं गाण्यावर करा ना, लोकांना मजा येईल." तबलजींनी माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाले, "थेट चक्रदार घेऊ." घेतली. अंग तापलेलं नाही, थाट नाही आमद नाही, एकदम द्रुत. तिन्ही पल्ले बरोब्बर समेला मिळाले. तबलजी सोडून कोणाला कळलं असेल तर शपथ, पुढच्या रांगा तोवर पानांकडे निघालेल्या.

हा किस्सा मी कितीतरी वर्षं "म्हणून सोडलं" असा सांगत आले. पण शाळेचा अर्ज मी त्याच्या आधीच भरला होता. महिन्याच्या महिन्याला पैसे हवे होते, बस्स. तेव्हाची मी म्हणेल, लाज नाही वाटत? तिला म्हणू दे, ती आईबाबांच्या घरात फुकट राहत होती.

आणि शाळेत काही गादीवर बसले नाहीये. तासिका तत्त्वावर नेमणूक, म्हणजे सुट्टीचे पैसे नाहीत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात कलेला अवांतर समजू नका असं छापलंय, पण घटक चाचणी आली की पहिला बळी माझ्याच तासाचा, आणि गॅदरिंग आलं की सगळ्यांना "मॅडम, मॅडम". कथकच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून नववीत पालक येतात, "मध्यमा परीक्षा पटकन होईल ना?" नाही होत हो पटकन.

पण त्या वयाची एक गंमत आहे. सातवीत सुरेख चक्कर घेणारी मुलगी नववीत तोल जाऊन भिंतीवर आदळते, कारण मधल्या काळात पाय लांब झालेत आणि डोक्याला अजून पत्ता नाही. सगळ्यांचे खांदे आत, कोणी बघायला नको, आणि माझा विषयच असा की लोकांनी बघायचं. म्हणून मी आधी नाचवतच नाही, नुसती पढंत, हातावर ताल धरून बोल तोंडाने म्हणायचे. एक मुलगा हजेरीलासुद्धा कुजबुजतो. त्याने एकदा तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोल, खणखणीत म्हटली, समेला बाकावर हात आपटला, अख्खा वर्ग वळून बघायला लागला आणि हा पठ्ठ्या परत म्हणाला, आणखी मोठ्याने.

यासाठी शाळेत राहिले का? थोडं यासाठी, थोडं पगारासाठी, कुठल्या महिन्यात विचारताय त्यावर आहे.

आता तुम्ही विचारणार, स्टेजची आठवण येत नाही? येते की. शाळा सुटल्यावर तिथल्याच हॉलमध्ये रियाज करते, फरशी कडक आहे, गुडघे बोलतात. कोणी बोलावलं तर नाचेन. फक्त भाषणं आधी उरकून घ्या, आणि तबलजींची बिदागी तुमच्याकडे.