थर्मोपिली: पुतळा सोडा, डोंगर चढा (पण सांभाळून)

ग्रीसमधली थर्मोपिली म्हणजे स्पार्टाचा राजा लिओनिदास आणि मूठभर ग्रीकांनी प्रचंड पर्शियन सैन्य अडवलं ती जागा. नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे पावनखिंड उभी राहते. तसलं काही बघायला जाल तर फसाल, कारण खिंडच उरलेली नाही. लढाईच्या वेळी, इ.स.पू. 480 मध्ये, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम 15 मीटर जागा होती. स्पर्खेइओस नदीच्या गाळाने समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरकलाय. आता तिथे सपाट शेतं, हमरस्ता आणि कडेला लिओनिदासचा 1955 सालचा पुतळा. तेवढ्यासाठी अथेन्सहून 200 किलोमीटर येऊ नका.

जवळच्या लामिया शहरातून टॅक्सी केलीत तर थांबण्याच्या पैशांसकट जाऊन-येऊन किती, ते निघण्यापूर्वी लिहून घ्या. आमच्याकडून परतीला ठरल्याच्या दुप्पट उकळले.

यायचं ते अनोपाइया या डोंगरवाटेसाठी. फितूर ग्रीक एफिआल्टिसने दाखवलेली, ग्रीकांच्या पिछाडीला जायला पर्शियन सेनापती हिदार्निस रात्रीतून चढला ती वाट. नेमकी कुठली, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. नेटवर 'सोपा, अर्ध्या दिवसाचा' म्हणून मिळालेला ट्रॅक आम्हाला आसोपोस नदीच्या घळीवरून थेट काटेरी झुडपांत घेऊन गेला. वाट मोडलेली, जिकडेतिकडे ढोरवाटा. पॅंटमधूनही नडग्या सोलवटल्या. पाण्याचा थेंब नाही. उतरताना असा घसारा की सह्याद्रीत मुरलेल्यांनीही बसून उतरावं. नवख्यांना नेऊ नका, एकट्याने तर मुळीच जाऊ नका. माणशी चार लिटर पाणी घ्या.

तरीही जा! वर ओकची झाडी लागते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, या वाटेच्या पहाऱ्यावरच्या हजार फोकियनांना (फोकिस प्रांतातल्या ग्रीक सैनिकांना) पर्शियन दिसले नाहीत. वारा पडलेला होता, पायाखालचा पाचोळा वाजला म्हणून ते जागे झाले. त्या पाचोळ्यात आम्ही चाललो. दहा पावलांवरचा माणूस झाडीत दिसत नव्हता, पण त्याचं प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं. पाय गळाले होते, तरी अंगावर काटा आला.

खाली आल्यावर पुतळ्यासमोरच्या कोलोनोस टेकडीवर चढा. शेवटची झुंज इथली. 1939 च्या उत्खननात बाणांची असंख्य टोकं निघाली. शेजारच्या थेस्पियनांच्या (स्पार्टनांबरोबर लढलेल्या थेस्पिए नगरातल्या ग्रीकांच्या) स्मारकाकडे कुणी वळत नाही, ते मला फार लागलं. सातशे जण आपखुशीने मागे राहिले आणि नाव झालं तीनशे स्पार्टनांचं.

गरम झरे फुकट आहेत. दगड निसरडे आहेत, चपला घालूनच उतरा; गंधकाचा वास कपड्यांना बसतो. जून ते ऑगस्ट डोंगराकडे फिरकूच नका. हिदार्निसची माणसं ऐन उन्हाळ्यात चढली खरी, पण रात्री.